डाव्या बाजूला बसून

मंगळवारी आणि शुक्रवारी मी फोन का उचलत नाही, असं तुम्ही नातवंडांनी मागच्या वेळी विचारलंत आणि मी विषय बदलला. एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. आता सविस्तर लिहिते, तुमची आई वाचून दाखवील. त्या दोन दिवशी मी आजारी म्हातारी होण्याच्या कामाला जाते. म्हातारी मी आहेच, पण तिथे जरा जास्त व्हावं लागतं.

मेट्रो आता शहराच्या टोकाला बोम्मसंद्रपर्यंत जाते. इलेक्ट्रॉनिक सिटीला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं उतरून जातात आणि मला बसायला जागा मिळते, ती माझं उतरायचं स्टेशन जवळ आल्यावर. तिथून आनेकलच्या बसने थोडं पुढे गेलं की रस्त्याला लागून एक लांबलचक शेड आहे. पूर्वी तिथे कसला तरी कारखाना होता. आता तिथे मुलींना परदेशात जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला शिकवतात. दारावरच्या फलकावर आपला आणि दोन-तीन शेजारी देशांचे झेंडे ओळीने रंगवले आहेत.

ही कल्पना मला मुळात पटली होती, म्हणून मी गेले. आधी काय व्हायचं, की मुलगी इथे काही शिकायची, एजंट तिला कुठेतरी पाठवायचा आणि तिथले लोक म्हणायचे की तुझं शिक्षण आम्ही मानत नाही. आता शेजाऱ्यांनी मिळून एकच अभ्यासक्रम ठरवला आहे, आणि बाहेरचे देश तो मानतात. काठमांडूत जे शिकवतात तेच कोलंबोत आणि तेच आमच्या या शेडमध्ये. परीक्षा घ्यायला माणूस शेजारच्या देशातून येतो, म्हणजे आपल्या मुली आपणच पास केल्या असं कोणाला म्हणता येऊ नये. इतकं सरळ काम होतं, पण उद्घाटनाला तासन्‌तास भाषणं झाली. सहकार्य, कौशल्य, युवाशक्ती, स्थलांतर हे शब्द इतक्या वेळा ऐकले की शेवटी त्यांचे अर्थच सुटून गेले. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, लांब वाक्यांची मला सवय आहे, तरी त्या दिवशी मी दमले.

मी गेले होते इंग्रजी शिकवायला. पण मुलींना जायचं होतं जपानला, इंग्रजीची तिथे कोणाला गरज नव्हती. गरज होती ती म्हाताऱ्या शरीराची. मुली एकमेकींवर सराव करायच्या, आणि तरुण मुलीला कोणी उचलायला लागलं की ती नकळत स्वतःच उठते. मग उचलणारीला वाटतं, आपल्याला जमलं. खरोखरीचं जड व्हायला वय लागतं. शिकवणाऱ्या बाई नेपाळच्या, बरीच वर्षं जपानमध्ये हेच काम करून परत आलेल्या. त्यांनी एकदा मला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि हिंदीत म्हणाल्या, "आमा, तुम्ही शिकवू नका. तुम्ही फक्त झोपा."

तेव्हापासून मी झोपते. कधी माझी डावी बाजू गेलेली असते, कधी उजवी. कधी मला काही आठवत नसतं. मुली मला कुशीवर वळवतात, पाय पुसतात, उठवून बसवतात, कोमट खीर भरवतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा खरंच आजारपणातून उठल्यासारखी असते. तुमचे आजोबा दार उघडताना दर वेळी विचारतात, "आज कोणता अवयव शिल्लक ठेवला?"

मागच्या वर्षीच्या तुकडीत निपाणीकडची एक मुलगी होती. घरी मराठी, शाळेत कन्नड. आधी बोम्मसंद्रच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिला फार आनंद झाला, आणि मग मी जे बोलते ते ऐकून त्याहून जास्त हसू आलं. आपलं घराणं इथे कन्नड मुलखात इतक्या पिढ्यांचं की माझ्या बोलण्यात 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' कधी येतात ते मला कळत नाही. ती म्हणायची, "आज्जी, तुमची मराठी म्हणजे आमच्या गावच्या म्युझियमात ठेवायसारखी." तिच्या गावाला म्युझियम नाही, हे तिनेच नंतर सांगितलं. ती स्वतः तिकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणायची. आमची दोघींची फिट्टंफाट झाली.

तिचं काय अडलेलं होतं ते तिने पहिल्याच महिन्यात सांगितलं, माझे पाय पुसता पुसता. वडील नव्हते. मोठ्या भावाने एकदाच प्रयत्न करायला परवानगी दिली होती. संकेश्वरच्या एका मुलाने तिला पाहून पसंत केलं होतं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, स्वभावाने शांत, कसली मागणी नाही. परीक्षा होईपर्यंत थांबायला तो तयार होता.

"पास झालो तर जपान, न्हाई तर संकेश्वर," ती म्हणाली.

मुलगा वाईट आहे का, असं मी विचारलं. तिने माझा पाय पुसून खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "वाईट न्हाई वो. पण तिथं गेलो की माझं सगळं ठरलं. सकाळी कितीला उठायचं ते मरूस्तोवर ठरलं." तिला एकदा तरी स्वतःच्या नावावर कुठेतरी जाऊन बघायचं होतं, आणि कारखान्यात परत जायचं नव्हतं. एवढंच होतं. तुमच्या आईबाबांनाही परदेशी जाताना एवढंच हवं होतं, फक्त त्यांना त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

सगळ्या कामांत ती तरबेज होती. नेपाळच्या बाई तिचा हात धरून इतरांना दाखवायच्या, बघा, हा हात कसा खांद्याखाली गेला. गाडी अडली ती एकाच जागी.

उजवी बाजू लुळी झालेल्या माणसाला भरवायचं असेल तर त्याच्या डाव्या बाजूला बसायचं असतं. उजव्या बाजूचं त्याला धड जाणवत नाही, घास त्या गालात तसाच साठून राहतो. आणि डाव्या बाजूला बसलं की चमचाही डाव्याच हातात घ्यायचा असतो. उजव्या हातात घेतला तर हात आडवा पडतो, समोरच्याची मान वर वळते, आणि वर वळलेल्या मानेने गिळलं की ठसका लागतो. म्हाताऱ्या माणसाचा ठसका म्हणजे खेळ नव्हे, कधी कधी त्यातूनच न्यूमोनिया होतो. हे सगळं बाईंनी चित्र काढून समजावलं होतं. डोक्याने सगळ्यांना समजलंही होतं.

पण डाव्या हाताने भरवायचं म्हटल्यावर पूर्ण वर्ग मागे सरला. इथल्या मुली, तमिळ मुली, नेपाळच्या, श्रीलंकेतून आलेल्या दोघी, सगळ्याच. शेजारी देशांचं इतर कशावर जमो न जमो, या एका गोष्टीवर एकमत होतं आणि त्यासाठी कोणाला बैठकही घ्यावी लागली नव्हती. डाव्या हाताने देवाला फूल वाहत नाहीत, दुकानदाराला पैसे देत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात तर घास मुळीच घालत नाहीत.

इतर मुली हळूहळू सरावल्या. ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला भरवलंच नव्हतं, त्या आधी सरावल्या. या मुलीने स्वतःच्या आजीला शेवटपर्यंत भरवलं होतं, भात मऊ कालवून, उजव्या हाताच्या बोटांनी. तिच्या हाताला ते काम आधीच येत होतं, त्यामुळे नव्याने शिकवता येत नव्हतं. डाव्या हातात चमचा घेऊन ती माझ्या तोंडापर्यंत यायची, आणि शेवटच्या क्षणी चमचा उजव्या हातात गेलेला असायचा. तिला स्वतःला ते कळायचंही नाही. बाई म्हणायच्या, "फिर से." मी परत आ करायची.

परीक्षेच्या दिवशी श्रीलंकेच्या एक बाई आल्या, निवृत्त परिचारिका, पांढरे केस घट्ट बांधलेले, आवाज कधी न चढवणाऱ्या. पलंगावर मीच होते. उजवी बाजू गेलेली. मुलीने मला वळवलं, कपडे बदलले, उशा लावून बसवलं, सगळं इतक्या सहज की माझं मलाच बरं वाटलं. मग ती डाव्या बाजूला बसली आणि डाव्या हातात चमचा घेतला. तो अर्ध्यात आला असताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या वेळी माझा चेहरा कसा होता ते मला दिसत नव्हतं. मला दिसलं ते इतकंच की चमचा उजव्या हातात गेला, हात आडवा आला, माझी मान वर वळली आणि मला खराखुरा ठसका लागला. नाटकाचा नव्हे. पाणी प्यायलं तरी थांबेना.

परीक्षक बाईंनी तिला त्या एका भागात नापास केलं. यात त्यांचं काहीच चुकलं नाही. नंतर माझ्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाल्या की याच कारणासाठी मी माझ्या देशातल्या मुलींनाही नापास करते, आणि दर वेळी घरी जाऊन माझं जेवण जात नाही. राहिलेल्या भागाची परीक्षा त्या पुढच्या फेरीला परत घेणार होत्या. एकदाच. तेवढ्यापर्यंत थांबायला भाऊ कसाबसा तयार झाला.

मुलगी चादरीची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा लावून, अगदी शिकवल्यासारखी. "संकेश्वरला मेट्रो न्हाई," ती म्हणाली. तिला विनोद करायचा होता.

मी तिला रविवारी घरी बोलावलं. बोलावताना मला उत्साह होता असं नाही. आठवड्यात दोन दिवस पडून राहिल्यावर रविवारी तरी सरळ बसावं असं मला वाटायचं. पण तिला सरावासाठी दुसरं कोण होतं. ती आनेकलच्या वसतिगृहातून बस आणि मेट्रो करत यायची, येताना मार्केटातून काहीतरी घेऊन, कधी कोथिंबीर, कधी चिकपेटच्या एखाद्या गल्लीतली स्वस्त हातरुमालांची जुडी. मी दहीभात मऊ करून ठेवायची. जेवणाच्या खोलीत मी खुर्चीवर, ती माझ्या डाव्या बाजूला स्टुलावर.

पहिल्याच रविवारी तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आज्जी, रागवू नका. पण तोंड तुम्ही मिटताय."

मी म्हटलं, छे.

"मिटताय की. मी डावा हात पुढं आणला की तुम्ही असं बघता, जसं कोण चपला घालून देवळात आलंय."

तुमचे आजोबा पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते. ते कागद खाली न करता म्हणाले, "अगं, तिला सोड. मला भरव. मी कुठल्याही हाताने खातो, फक्त दह्याऐवजी आईस्क्रीम आण." तिने खरंच त्यांना भरवलं, दहीभातच. डाव्या हाताने, न चुकता. ते मजेत खाऊन मोकळे झाले आणि आणखी आहे का विचारलं. त्यांच्यावर सराव करून उपयोग नव्हता, कारण त्यांचं कुठे काही अडतच नव्हतं. परत माझ्याकडे आली की तिचा हात अडखळायचा आणि माझे ओठ. मी मनाशी ठरवायची की मिटणार नाही. ठरवल्यावर ते जास्तच घट्ट मिटायचे. एवढी पुस्तकं वाचलेली बाई मी, घरात कधी सोवळंओवळं पाळलं नाही, तुमच्या आईला कधी शिवू नको म्हटलं नाही, आणि एका चमच्यापुढे माझं तोंड माझं ऐकत नव्हतं.

असे काही रविवार गेले. आम्ही दोघी कंटाळलो होतो. ती येते म्हणायची तेव्हा मला वाटायचं, आज येऊ नये. तिलाही वाटत असणार.

मग मला ताप आला. डेंग्यू नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण अंगातली सगळी शक्ती कोणीतरी नळ सोडून वाहू दिल्यासारखी झाली. ती रविवारी आली तेव्हा मी आतल्या खोलीत पलंगावर होते. आजोबांनी तिला परत जायला सांगितलं, आज सराव नाही. ती गेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने तांदळाची पेज केली आणि वाटी घेऊन आत आली. आमचा पलंग उजवीकडून भिंतीला लागलेला आहे. बसायला एकच बाजू होती. ती बसली, माझ्या मानेखाली उशी सरकवली, मान किंचित खाली आणली, आणि मी पेज प्यायले. कोमट होती, मीठ बेताचं. कोणीतरी भरवतंय एवढंच पुरे होतं. तिलाही माझ्या चेहऱ्याकडे बघायची गरज पडली नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते.

वाटी घेऊन ती बाहेर गेल्यावर दारातून आजोबा म्हणाले, "डावा होता बरं का."

मी म्हटलं, मला झोपू द्या.

बरी झाल्यावर आम्ही परत सराव केला. काही अडलं नाही. काय बदललं ते मला सांगता येणार नाही, आणि मी शोधलंही नाही. एखादी गोष्ट जमून गेली की तिच्या मागे लागण्याएवढी ताकद या वयात उरत नाही.

परत परीक्षा झाली. श्रीलंकेच्या बाई आल्या, त्याच पलंगावर मी, तीच गेलेली उजवी बाजू. मुलीने डावीकडे बसून डाव्या हाताने मला वाटीभर खीर भरवली आणि मी ती खाल्ली. सांगण्यासारखं याहून जास्त काही घडलं नाही. बाईंनी मान हलवली, सही केली, आणि नेपाळच्या बाई दाराबाहेर जाऊन डोळे पुसून आल्या. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "आज्जी, तोंड पुसतो थांबा," आणि माझं तोंड पुसलं.

त्या दिवशी ती मला बोम्मसंद्रपर्यंत सोडायला निघाली. आम्ही आनेकल रस्त्याच्या बसथांब्यावर बसलो. तिथूनच तिने भावाला फोन केला. तो आधी चांगलं झालं म्हणाला, मग म्हणाला की संकेश्वरकरांना मी काय तोंड दाखवू. ती म्हणाली, तू नको दाखवू, त्याचा नंबर दे. तो माणूस इतके दिवस थांबला आहे, त्याला मीच सांगेन. भावाने बराच वेळ आढेवेढे घेतले. शेवटी नंबर आला.

रस्त्यावरून एकामागून एक लॉरी जात होती, काही ऐकू येईना, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हा दोघींच्या मध्ये धरला.

"पास झालो मी," ती म्हणाली. "जपानला जायचं ठरतंय. तुम्ही आता थांबू नका."

पलीकडे दुकानात माणसं बोलत होती. मग तो म्हणाला, "बरं झालं. मी पण कसं सांगावं म्हणत होतो. माझा दुबईचा व्हिसा आलाय."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. लग्न करूनच जायचं होतं. घरात आई एकटी. दसऱ्यापासून तिच्या अंगावरून वारं गेलंय. दादांनी सांगितलं न्हाई तुम्हाला?"

दादांनी सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या नापास होण्याच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. नापास झाली असती तर सकाळी कितीला उठायचं, कोणाला कुशीवर वळवायचं, कोणाचं तोंड पुसायचं, हे सगळं संकेश्वरला ठरून बसलेलं होतं, आणि ते तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्याशी लग्न होणार तो तर तिथे असणारही नव्हता.

तो मात्र लबाडीने बोलत नव्हता. आवाज थकलेला होता. "एक विचारू?" तो म्हणाला. "तुमच्यात नापास झालेली एखादी असली तर सांगा की. आईकडं बघायला. पगार देतो. मला जायलाच लागणार, दुकानात काय राहिलं न्हाई आता."

मला वाटलं, आता ती फोन बंद करील. तिने तो बंद केला असता तर मी काही बोलले नसते. तिचा अंगठा त्या लाल बटणाच्या जवळ होता.

"कुठली बाजू?" तिने विचारलं.

"काय?"

"आईची कुठली बाजू गेली?"

"उजवी."

"भरवतंय कोण?"

"मीच. दुपारी दुकान बंद करून येतो. ठसका लागतो तिला सारखा. काय खाल्लं की ठसका. डॉक्टर म्हणतात, जपा."

तिने फोन तोंडाजवळ घेतला. "बसता कुठल्या बाजूला?"

तो म्हणाला, उजवीकडे, खुर्ची तिथंच ठेवलेली आहे.

"खुर्ची उचला तिथनं. डाव्या बाजूला बसायचं. आणि चमचा डाव्या हातात धरायचा."

"डाव्या हातानं?" तो म्हणाला. "आईला?"

"व्हय, आईला," ती म्हणाली, आणि मग तिने त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं. उशी कुठे हवी, हनुवटी किती खाली हवी, घास केवढा, गिळला की नाही ते कसं बघायचं. तो मध्येच अडवत होता, हे कसं चालेल, शेजारचे बघतील, आईच तोंड मिटेल. मिटू दे, ती म्हणत होती, परत पुढं न्यायचा. आनेकलहून बस आली. कंडक्टरने दारातून "बन्नी अज्जी" म्हणून चढायची खूण केली. मला घरी जायचं होतं, पाठ दुखत होती, पण मी मान हलवून त्याला जायला सांगितलं. तिचं सांगून व्हायचं होतं.